सरकारांच्या पाखरांना आधी चिठ्ठ्या बांधा

तुमचं पत्र आणि सोबतची पहिली तीन प्रकरणं वाचली. प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. कादंबरीचा काळ १८९० ते १९४८. नायक दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या, काल्पनिक संस्थानाचा अधिपती. समोर सगळे त्याला 'सरकार' म्हणतात, पाठीमागे 'पाखरं सरकार'. वाघ मारण्यात त्याला रस नाही. पक्षी, फुलपाखरं, साप जमवण्यात आहे. तुम्ही विचारलंय की असा माणूस खरंच होऊ शकला असता का, तो दिवसभर नेमकं काय करत असेल, आणि पेंढा भरताना वापरतात त्या सोमलाने, म्हणजे आर्सेनिकच्या विषाने, त्याचा शेवट दाखवला तर चालेल का.

मी तीस वर्षं एका संग्रहालयात पक्ष्यांच्या कातड्यांची कपाटं सांभाळली. कादंबरीतलं मला फारसं कळत नाही. पण असल्या माणसांच्या मागे काय उरतं ते रोज हाताळलंय, तेव्हा उत्तर त्या अंगाने देते.

तुमच्या तिन्ही प्रकरणांत सरकार सज्जात बसून दुर्बिणीतून पाखरं बघतात, त्यांचे डोळे पाणावतात आणि कारभारी मागे येऊन खाकरतो. वाचायला छान वाटतं. पण तिन्ही प्रकरणांत मिळून एक चिठ्ठी नाही आणि एक बिल नाही. या दोन वस्तू नसतील तर तो नुसता हौशी जहागीरदार.

चिठ्ठी म्हणजे पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेला बोटभर कागद. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मारला, डोळ्यांचा रंग काय होता, एवढं त्यावर हवं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या वाड्यातून तीन पेट्या आमच्याकडे आल्या. वारसांना माडी रिकामी करायची होती. आत चाळीसएक पक्षी: सुतार, खंड्या, हरियाल, दोन तणमोर. काम इतकं सुबक की आमचे वरिष्ठ हळहळले, कारण एकाच्याही पायाला चिठ्ठी नव्हती. असा पक्षी शाळेतल्या मुलांना दाखवायला बरा, अभ्यासाला निरुपयोगी. अगदी तळाशी एका चंडोलाच्या पायाला मोडीतली चिठ्ठी सापडली. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना बोलावून ती वाचून घेतली. माळाचं नाव, तिथी, आणि 'पोटात गवताचे बी', इतकाच मजकूर. त्या तीन पेट्यांतला तो एकच पक्षी आमच्या नोंदवहीत चढला.

आता खरा माणूस. अशा कादंबरीसाठी एकच चरित्र अभ्यासायचं असेल तर वॉल्टर रॉथचाइल्ड याचं अभ्यासा. जन्म १८६८. लंडनच्या बड्या पेढीवाल्या घराण्याचा थोरला मुलगा, पुढे वडिलांच्या मागे लॉर्ड झाला. सव्वासहा फूट उंच, आडवा बांधा, बोलताना अडखळणारा. सात वर्षांचा असताना त्याने आईवडिलांना सांगून टाकलं होतं की मी प्राण्यांचं संग्रहालय काढणार. पोरं असं काहीबाही बोलतातच. याने ते खरं केलं. लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं गाव आहे, तिथे त्यांची हवेली होती. वॉल्टर एकवीस वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी तिथे त्याला संग्रहालयाची इमारत बांधून दिली आणि त्याच वर्षी, १८८९ मध्ये, पेढीवर बसवलं. १८९२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पेढीवर त्याचं मन कधीच रमलं नाही.

झेब्रे जुंपलेल्या गाडीतून तो लंडनमध्ये फिरला, उंच टोपी घालून महाकाय कासवाच्या पाठीवर बसला, त्याच्या बागेत कॅसोवरी नावाचे मोठे, उडू न शकणारे पक्षी मोकळे फिरत. हे सगळं तुम्हाला छायाचित्रांत सापडेल आणि कादंबरीत घालायचा मोहही होईल. एखादा प्रसंग घाला, जास्त नको. त्याचं खरं आयुष्य त्या गाडीत नव्हतं. ते होतं अर्न्स्ट हार्टर्ट आणि कार्ल योर्डान या दोन पगारी जर्मन माणसांत. पहिला पक्ष्यांचा जाणकार, दुसरा कीटकांचा. दोघांनी जवळपास सगळी हयात ट्रिंगला घालवली. १८९४ पासून तिथून स्वतःचं नियतकालिक निघू लागलं, आणि जगभर चारशेच्या वर माणसं त्याच्यासाठी प्राणी-पक्षी गोळा करत होती. मालक स्वतः अल्जीरियापर्यंत जाऊन आला, पण न्यू गिनीला त्याने कधी पाय लावला नाही. तिथे आल्बर्ट मीक होता. १९०६ मध्ये मीकने झाडांच्या शेंड्यावरून उडणारं एक प्रचंड फुलपाखरू बारीक छर्ऱ्यांनी बंदूक झाडून पाडलं. पंखांना भोकं पडलेली ती मादी ट्रिंगला पोचली आणि पुढच्या वर्षी मालकाने तिला राणी अलेक्झांड्राचं नाव दिलं. जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू ते हेच. तुमच्या सरकारांचा दिवस असाच जाईल: पेट्या उघडण्यात, पत्रं लिहिण्यात, आणि दूर कोणीतरी मारलेल्या जिवाला नाव देण्यात. सज्जा संध्याकाळी अर्धा तास.

एक प्रसंग मला फार आवडतो. मादागास्करच्या एका ऑर्किडला जवळजवळ फूटभर लांब नळी असते आणि मध तिच्या अगदी तळाशी. १८६२ मध्ये डार्विनने लिहिलं की तेवढीच लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. लोक हसले. १९०३ मध्ये रॉथचाइल्ड आणि योर्डान यांनी मादागास्करच्या तशा लांब सोंडेच्या पतंगाला नाव दिलं 'प्रेडिक्टा', म्हणजे भाकीत केलेला. डार्विन जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. सरकारांच्या टेबलावर अशी एखादी वाट पाहणारी गोष्ट ठेवा. दरबारी कारस्थानापेक्षा तीच वाचकाला धरून ठेवेल.

आणि मग बिल. वॉल्टरचा खर्च हाताबाहेर गेला. १९०८ मध्ये पेढी सुटली. वडील १९१५ मध्ये वारले तेव्हा लॉर्डपद त्याच्याकडे आलं, पेढीचं काम धाकट्या भावाकडे. शेवटचा घाव १९३२ मध्ये बसला. जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार पक्षी त्याने न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला सव्वादोन लाख डॉलरला विकले. हिशेब करा, पक्ष्यामागे एक डॉलरही पडला नाही. का विकले ते त्याच्या हयातीत बाहेर आलं नाही. एक उमरावीण, जिच्याशी त्याचे पूर्वी संबंध होते, त्याच्याकडून वर्षानुवर्षं पैसे उकळत होती, असं पुढे त्याची पुतणी मिरियम हिने चरित्रात लिहिलं. तो गेला १९३७ मध्ये. उरलेलं सगळं राष्ट्राला दिलं: साडेबावीस लाख फुलपाखरं आणि पतंग, इमारत, जमीन. तुम्ही सरकारांचा शत्रू म्हणून पोलिटिकल एजंट उभा केला आहे. जमेल तेही. पण रॉथचाइल्डला बुडवलं ते घरच्या वहीने आणि त्याने न फोडलेल्या पत्रांनी.

आता, असा माणूस आपल्याकडे शक्य होता का? होता, आणि तुमच्या काळाच्या शंभर वर्षं आधीच होऊन गेला होता. तंजावरचे सरफोजी राजे (१७७७–१८३२). घरात मराठी बोलणारे, मिशनरी श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेले. त्यांनी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट टिपणं ठेवली. जगाचा भूगोल सांगणारं 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. त्यामुळे सरकारांना हे वेड एखाद्या इंग्रज शिक्षकाने लावलं, असं तुम्ही दाखवलंय त्याची गरज नाही. तंजावरकडच्या सोयरिकीतून एखादं चित्रांचं बाड वाड्यात आलं असेल, एवढं पुरे.

तुमच्या काळात मात्र संस्थानिकाचा वाटा बहुधा वेगळा असे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पुढे सलीम अलींनी १९३० च्या दशकात हैदराबाद आणि त्रावणकोरच्या पक्ष्यांची पाहणी केली ती त्या त्या संस्थानांच्या पाठबळावर, आणि कच्छवरचं त्यांचं १९४५ चं पुस्तक महाराव विजयराजजींच्या आश्रयामुळे झालं. म्हणजे गाड्या, बैल, राहुट्या, वाटाडे आणि परवानगी राजाची, कातडी सोलणारा हात दुसऱ्याचा. भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींसारखे स्वतः अभ्यास करून पुस्तक लिहिणारे थोडेच. सरकारांना त्या थोड्यांत बसवायचं असेल तर त्यांच्या हाताला कष्ट द्या.

ते कष्ट असे. एक दुरुस्ती आधी: अभ्यासाच्या पक्ष्यात पेंढा भरून त्याला फांदीवर बसवत नाहीत. तो पाठीवर निजलेला असतो, पंख मिटलेले, पाय एकमेकांवर, डोळ्यांच्या जागी कापूस. पहाटे बारीक छर्ऱ्यांनी पक्षी मारायचा. चोचीत लगेच कापूस कोंबायचा, नाहीतर रक्ताने पिसं बरबटतात. कागदाच्या पुडीत घालून घरी आणायचा आणि उन्हं चढायच्या आत सोलायला बसायचं. आपल्या हवेत दुपारपर्यंत पोटाकडची पिसं गळायला लागतात. डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग तेव्हाच लिहायचा, कारण हे रंग वाळल्यावर राहत नाहीत. पोटाला चीर, भुसा टाकत कातडी सोडवायची, पोट उघडून नर-मादी बघायची, आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापसाचं अंग भरायचं, शिवायचं, आणि काळ्या शाईने चिठ्ठी. साध्या शाईची अक्षरं उडतात. सराईत माणूस अर्ध्या-पाऊण तासात एक पक्षी उरकतो. नवशिक्याचा पहिला पक्षी मुरगळलेल्या बोळ्यासारखा दिसतो, सरकारांचाही तसाच दिसू दे.

मग पावसाळा. दक्षिण महाराष्ट्रात घाटालगत संस्थान असेल तर जून ते सप्टेंबर सरकारांची लढाई बुरशीशी आणि कसरीशी. खणात डांबरगोळ्या, फटींना मेणकापड, उघडीप मिळाली की कपाटं उन्हात. जानेवारीतला दरबार तुम्ही सात पानं लिहिलाय, जुलैचं कपाट एक पान तरी लिहा.

चिठ्ठीवरून आणखी एक गोष्ट सांगते, ही खानदेशातली आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम या पक्षी जमवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने रानपिंगळ्याचं वर्णन केलं. १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी होते, त्यांनी तिथे या घुबडाचे काही नमुने मिळवले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहातला, गुजरातेत मांडवीजवळ १९१४ मध्ये मारल्याची चिठ्ठी असलेला नमुना. हा माइनर्ट्झहागेन मोठ्या सावकारी घराण्यातला, शूर म्हणून नावाजलेला, वीस हजार पक्षी ब्रिटिश म्युझियमला देणारा. अशा माणसाची चिठ्ठी कोण खोटी मानणार?

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी मानली. प्रत्येक सोलणाऱ्याचा हात वेगळा असतो. कोण गळ्यात कापूस किती भरतो, पंखांची हाडं कशी बांधतो, टाका कसा घालतो, हे हस्ताक्षरासारखं ओळखू येतं. त्या घुबडाची क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा आत डेव्हिडसनचा हात सापडला. कर्नलने संग्रहालयातून जुना नमुना उचलला होता, त्याची वरवर मांडणी बदलली होती आणि आपली चिठ्ठी बांधली होती. मांडवी बाद केल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणी वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, म्हणजे डेव्हिडसनच्याच मुलखात, जिवंत रानपिंगळा दिसला. एक खोटा कागद, आणि लोक कित्येक वर्षं चुकीच्या जंगलाकडे बघत होते. ह्यूमचे, माइनर्ट्झहागेनचे पक्षी आज कुठे आहेत माहीत आहे? ट्रिंगला. रॉथचाइल्डने पक्षी विकून रिकामं केलं त्याच गावात ब्रिटिश म्युझियमने १९७० च्या सुमारास आपले सगळे पक्षी हलवले.

माझं ऐकाल तर सरकारांना एकदा खोटी चिठ्ठी लिहू द्या. चांगल्या हेतूने. शेजारच्या संस्थानात मारलेला तणमोर आपल्या माळावरचा म्हणून. दुसरं कुठलंही पाप मला त्यांच्यात इतकं पटणार नाही.

आणि खऱ्या चिठ्ठीवरही 'कोणी मारला' पुढे सरकारांचंच नाव असेल, हे लक्षात ठेवा. पक्षी कुठल्या झुडपात बसतो हे ज्याला ठाऊक, ज्याने फास लावला, तो पारधी किंवा भिल्ल कागदावर येत नाही. ट्रिंगच्या चिठ्ठीवर निदान मीकचं नाव असे. तुमच्या हस्तलिखितात पारधी तीनदा येतो आणि तिन्ही वेळा तो 'एक पारधी' आहे. त्याला नाव द्या.

पैशाबद्दल थोडं. संस्थानिकाने शिकारीवर केलेला खर्च कोणाच्या डोळ्यांत येत नसे. कोल्हापूरचा चित्तेखाना हे राजेपणाचंच अंग होतं, पाहुण्या साहेबाला शिकार घडवणं हा राजकारणाचा भाग. टिचभर वटवट्यासाठी विलायतेहून काचेचं कपाट मागवणं हे मात्र दिवाणाला, एजंटाला, राणीसाहेबांना कोणालाच समजावता येत नाही. त्यातून तुमचा काळ १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांचा. कपाटाचं बिल आणि दुष्काळी कामांच्या मजुरीचा कागद एकाच दिवशी सहीला आणा. मी तेवढंच लिहीन आणि सरकारांच्या मनात काय आलं ते सांगणार नाही.

त्याच वर्षांत प्लेग आला, आणि तुम्ही त्याला एका वाक्यात उरकलंय. इथे रॉथचाइल्डच्या धाकट्या भावाची मदत घ्या. चार्ल्स पेढी सांभाळून पिसवा जमवायचा. सुदानहून आणलेल्या एका पिसवेचं त्याने १९०३ मध्ये वर्णन केलं आणि तिला 'केओपिस' असं इजिप्तच्या फारोचं नाव दिलं. श्रीमंताचा चाळा! सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्येच कराचीत दाखवलं होतं की प्लेग उंदराच्या पिसवेतून पसरतो, पण कोणी मनावर घेतलं नव्हतं. १९०५ नंतर परळला प्लेगच्या आयोगाचं काम सुरू झालं, मुंबईचे उंदीर तपासले गेले, आणि त्यांच्या अंगावर मुख्यतः निघाली ती चार्ल्सने नाव दिलेली हीच पिसू. सरकारांच्या गावात क्वारंटाइन चालू असताना त्यांना घुशीच्या अंगावरच्या पिसवा अल्कोहोलमध्ये घालताना दाखवा. गावाला ते वेडे वाटतील.

शेवट १९४८ चा. दख्खनची संस्थानं मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. खासगी मालमत्तेच्या याद्या झाल्या त्यात दागिने, मोटारी, जमिनी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी चित्रांसाठी १९३८ मध्येच स्वतंत्र संग्रहालय उभारलं होतं, ते टिकलं. कातड्यांचं नशीब तसं नसतं. पेट्या माडीवर जातात आणि दोन पावसाळ्यांत कसर आपलं काम करते. ह्यूम यांचं काय झालं बघा: पंचवीस वर्षांच्या टिपणांचे ढीग शिमल्याच्या घरी ठेवून ते हिवाळ्यात खाली आले, आणि मागे नोकराने ते बाजारात रद्दीत विकले. त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि सारा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेस भरली, तीत हेच ह्यूम. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ते तेवढ्यापुरतेच येतात.

राहिला सोमल. नाट्यमय मृत्यू त्यातून काढू नका. साबणातला सोमल दिवसागणिक थोडा थोडा अंगात जातो. हातांना चट्टे पडतात, नखांच्या कडा फुटतात, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात, भूक जाते, तळपाय बधिर होतात. वर्षं लागतात. आणि हे होणार कोणाला? रोज आठ-दहा पक्षी सोलतो त्याला. सरकारांनी हौसेने आठवड्याला एक पक्षी केला तर त्यांना काही होणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात सोलणारा गोव्याचा माणूस आहे, मोडक्या मराठीत विनोद करतो आणि मग गायब होतो. नखं त्याची तपासा. सरकारांना हृदयविकाराने जाऊ द्या, त्यांच्या वयाला तो शोभतो.

जुने पक्षी हाताळताना आम्ही अजूनही हातमोजे घालतो. सव्वाशे वर्षांच्या कातडीतही सोमल तसाच असतो. तुमचा वाड्यातला पणतू पेटी उघडून पक्षी गालाला लावतो, तो प्रसंग तेवढा बदला.